गाडीच्या डिकीत ड्रॉवर, सुताराच्या हिशोबाने

किचन ट्रॉली बसवता येते तो कारागीर भटकंतीचं सामान ठेवायला गाडीच्या डिकीतही ड्रॉवर बसवेल असं लोक धरून चालतात. गाडीतल्या ड्रॉवरची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. घरातलं कपाट भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षं एका जागी उभं असतं. गाडीतलं कपाट प्रत्येक खड्ड्याला उचललं जातं आणि आपटतं, घाट चढताना मागे ओढलं जातं, ब्रेक मारला की पुढे धावतं. शिवाय आपल्याकडे चार महिने दमट हवा आणि बाकीचे आठ महिने धूळ. तेव्हा प्लाय कापण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: लाकडाने फक्त सामान धरायचं, गाडीला धरायचं काम लोखंडाचं. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

साताऱ्यात आमचा फर्निचरचा कारखाना आहे. माझी स्वतःची गाडी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी. कास-बामणोलीकडे, कोयनेच्या बाजूला, कधी घाट उतरून कोकणात जातो. पाहून पाहून आता थार, गुरखा, स्कॉर्पिओवालेही येतात. उदाहरण म्हणून जिम्नीच घेतो, कारण तिच्यात जागा कमी आहे आणि कमी जागेत हिशोब कडक करावा लागतो. मापं तुमच्या गाडीची घ्या, पद्धत तीच.

आधी वजन, मग माप

जिम्नीचं रिकामं वजन मॉडेलप्रमाणे ११९५ ते १२१० किलो आहे. माणसं आणि सामान धरून कंपनीने ठरवलेली मर्यादा १५४५ किलो. म्हणजे हातात साधारण ३४० किलो. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० तिथेच गेले. उरलेल्या साठ किलोत बॅगा, पाणी, खाणं. त्यात ड्रॉवरला वजनच शिल्लक राहत नाही. दोघंच जाणार असतील तर मात्र २०० किलो मोकळे राहतात आणि ड्रॉवरला खरा अर्थ येतो.

यातून दोन गोष्टी ठरतात. एक, सगळा बॉक्स, म्हणजे ड्रॉवर ज्यात बसतात ते खोकं, अर्ध्या तासात बाहेर काढता आला पाहिजे, म्हणजे घरचे सगळे निघाले की तो घरी राहील. दोन, रिकामा बॉक्स, ड्रॉवर, ते सरकवणारे लोखंडी चॅनेल, कब्जे सगळं मिळून ३० किलोच्या आत बसलं पाहिजे.

इथे सुताराचा हात आवरावा लागतो. आम्हाला सहा सुती म्हणजे १८ मिमी प्लायची सवय. आठ बाय चारची १८ मिमीची एक शीट साधारण ३५ किलो भरते, १२ मिमीची २३ किलो. १८ मिमीत बनवलेला बॉक्स दीडपट जड होतो आणि त्या जाडीचा फायदा फारसा होत नाही, कारण गाडीत प्लाय मधून मोडत नाही, तो सांध्यात उघडतो. जाडी वाढवण्यापेक्षा सांधा मजबूत करा. बॉक्सला १२ मिमी, ड्रॉवरच्या बाजूंना आणि तळाला ९ मिमी, एवढं पुष्कळ झालं.

प्लाय घेताना शीटवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहा. तो मरीन प्लाय. आयएस ३०३ मध्ये कमर्शियल प्लाय येतो, तो घराच्या आतल्या कामाला ठीक, पावसाळ्यात गाडीत उभी राहणारी दमट हवा त्याला सोसत नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा-भुसा दाबून केलेल्या फळ्या, तर या कामाला हातातही धरू नका. त्यांच्यात स्क्रू धक्क्यांनी सैल होतो आणि एकदा सैल झाला की परत धरत नाही.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. त्यामुळे मागची सीट काढून तिथे कायमचा बॉक्स ठोकायचा हा विचार सोडून द्या. सीट जागेवर, पट्टे जागेवर, पत्र्याला एकही नवं भोक नाही, आणि बॉक्स म्हणजे बांधून ठेवलेलं सामान. असं केलं तर गाडी विकतानाही ती जशी आली तशीच जाते. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवलेला बरा.

लहान मूल असणाऱ्यांनी मागच्या सीटच्या पाठीमागे आयसोफिक्सचा, म्हणजे बाळाची सीट गाडीला अडकवायच्या सोयीचा, वरचा पट्टा अडकवायची कडी कुठे आहे ते आधी पाहावं. बॉक्सने ती झाकली तर बाळाची सीट नीट बसणार नाही.

पुठ्ठ्याचा बॉक्स

डिकी चौकोनी दिसते पण चौकोनी नसते. खाली चाकाच्या कमानी आत येतात, वर बाजू आतल्या अंगाला झुकतात, आणि मागच्या दाराची चौकट आतल्या जागेपेक्षा अरुंद असते. रुंदी निदान तीन ठिकाणी मोजा: तळाशी, कमानीच्या सर्वांत फुगलेल्या जागी, आणि बॉक्सची वरची फळी जिथे येणार तिथे. सर्वांत लहान आकडा तो आपला. मग दाराच्या चौकटीतून हा बॉक्स आत जाईल का ते बघा. जात नसेल तर दोन अर्धे बॉक्स करून आत बोल्टने जोडायचे.

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा मिळवा आणि प्लायला हात लावण्याआधी त्याचा खऱ्या मापाचा बॉक्स करून डिकीत ठेवा. मागची सीट पाडून पाहा, उभी करून पाहा, दार पूर्ण लावून पाहा. जिम्नीत मागच्या सीटची पाठ पाडली तरी ती डिकीच्या तळाला सपाट येत नाही, मध्ये पायरी राहते. ड्रॉवरच्या बॉक्सची उंची नेमकी या पायरीएवढी ठेवली की वरची फळी पाडलेल्या सीटच्या पातळीला येते, आणि वरती सामान ठेवायला किंवा आडवं व्हायला सलग जागा मिळते. कंपनीच्या आकड्याप्रमाणे सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, पाडल्यावर ३३२ लिटर. ही पायरी भरून काढणं हाच जिम्नीत ड्रॉवर घालण्याचा सर्वांत मोठा फायदा आहे.

जॅक, पाना, टो हुक कुठे ठेवलेले असतात तेही याच वेळी बघून घ्या. पंक्चर झाल्यावर जॅक काढण्यासाठी रस्त्यात बॉक्स खोलावा लागला तर ती मांडणी चुकलीच म्हणायची.

मापाचा हिशोब

या कामात सूत-इंच विसरा, सगळं मिलीमीटरमध्ये लिहा. धरा की सर्वांत अरुंद जागा ९८० मिमी आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडले की बॉक्सची बाहेरून रुंदी ९६०. बाजूच्या दोन फळ्या आणि मधलं पार्टिशन, प्रत्येकी १२ मिमी, म्हणजे ३६ वजा. उरले ९२४. दोन ड्रॉवर, एकेकाला ४६२ चं तोंड.

आता चॅनेल. साध्या बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलची जाडी एका बाजूला १२.७ मिमी, दोन्ही बाजू मिळून २५.४. त्यात थोडी सूट धरून २६ वजा करायचे. ड्रॉवरची बाहेरची रुंदी ४३६. इथे एक मिलीमीटर इकडे-तिकडे झाला तरी लगेच कळतं. ड्रॉवर रुंद झाला तर चॅनेल अडकतो, अरुंद झाला तर चॅनेल ताणला जातो आणि गोळ्या घासून लवकर संपतात. जड वजनाचा चॅनेल घेतला तर त्याची जाडी बहुतेक १९ मिमीच्या आसपास असते. म्हणून चॅनेल आधी विकत आणा, कॅलिपरने मोजा आणि मगच ड्रॉवर कापा.

बॉक्सची खोली ५०० मिमी असेल तर ड्रॉवर ४७० आणि चॅनेल १८ इंची, म्हणजे ४५० मिमीचा. मागे थोडी जागा सोडावीच लागते. तिथे रबरी ठोकळा येतो, त्याचं पुढे सांगतो.

चॅनेल की पट्टी

बॉल बेअरिंगचा चॅनेल हाताला मऊ लागतो म्हणून सगळे त्याच्यामागे असतात. मी जिम्नीसारख्या छोट्या गाडीत तो टाळायला सांगतो. चॅनेलच्या खोक्यावर ४५ किलो लिहिलेलं असतं ते घरातल्या उभ्या कपाटासाठी. गाडीत वीस किलोचा ड्रॉवर खड्ड्यात आपटतो तेव्हा गोळ्यांवर क्षणभर त्याच्या कितीतरी पट भार येतो. त्यात धूळ. कोकणातली जांभ्याची लाल धूळ ग्रीसला चिकटली की गोळ्यांच्या खाचेत तिचा पॉलिश पेपर तयार होतो. वर्षभरात ड्रॉवर खरखरायला लागतो.

त्याऐवजी एचडीपीईच्या पट्ट्या वापरा. स्वयंपाकघरात भाजी चिरायला जो पांढरा प्लास्टिकचा बोर्ड असतो तो बहुधा याच प्लास्टिकचा. १० मिमी जाडीची शीट आणून तिच्या २५ मिमी रुंद पट्ट्या कापायच्या. दोन पट्ट्या ड्रॉवरखाली बॉक्सच्या तळावर, आणि ड्रॉवरच्या बाजूंना २ ते ३ मिमीच्या पातळ पट्ट्या. स्क्रूचं डोकं आत बुडेल असं काउंटरसिंक करा, नाहीतर ते ड्रॉवरचा तळ खरवडत राहील. वरूनही एक पट्टी लागते, ड्रॉवरच्या वरच्या कडेपासून २ मिमी अंतरावर. ती नसली तर ड्रॉवर अर्धा बाहेर ओढल्यावर पुढून झुकतो आणि मागून उचलतो. पट्टीला ग्रीस अजिबात लावायचं नाही. मेणबत्ती घासली की काम झालं. धूळ आली तरी फडक्याने पुसली जाते, गंजायला काही नाहीच, आणि चॅनेलची जागा वाचल्यामुळे प्रत्येक ड्रॉवर जवळजवळ २० मिमी रुंद होतो.

एक मर्यादा आहे. पट्टीवरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढता येत नाही, साधारण एक तृतीयांश आत राहिला पाहिजे. फॉर्च्युनरसारख्या मोठ्या गाडीत मीटरभर लांब आणि पन्नास किलो भरलेला ड्रॉवर असेल तर लॉक असलेला जड चॅनेलच हवा. तिथे मी पट्टीचा आग्रह धरत नाही.

सांधे

प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू गाडीत टिकत नाही. तो थरांच्या मधे शिरतो आणि थर उकलतो. म्हणून आतल्या प्रत्येक कोपऱ्यात २५ बाय २५ बाय ३ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल घ्या आणि दोन्ही फळ्यांना त्याच्यातून एम ५ चे, म्हणजे ५ मिमी जाडीचे, बोल्ट आरपार टाका, मागून नायलॉक नट. नायलॉकमध्ये नायलॉनची रिंग असते, त्यामुळे तो हादऱ्यांनी सुटत नाही. साधा नट आणि स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नका. सांध्यात पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल लावून रात्रभर दाबात ठेवा. गोंद आणि अँगल दोन्ही पाहिजेत. गोंद खुळखुळाट थांबवतो आणि अँगल ताकद देतो.

काटकोन तपासायचा गुण्या लावायला कंटाळू नका, पण नुसत्या गुण्यावर थांबूही नका. बॉक्स जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर बॉक्स काटकोनात आहे. दोन मिलीमीटरचा फरकसुद्धा ड्रॉवर बंद करताना जाणवतो.

जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पीयू पॉलिशचे दोन हात मारून घ्या. जोडल्यानंतर आतल्या कडांना ब्रश पोचत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. कार्पेट चिकटवायचं असेल तर फक्त वरच्या फळीला. तळाला लावलेलं कार्पेट पावसाळ्यात ओल धरून बसतं आणि गाडीत कुबट वास येतो. कार्पेटसाठी एसआर ९९८ सारखा रबरी गोंद चालतो, पण चिकटवल्यावर बॉक्स दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवा. बंद गाडीत तो वास डोकं धरतो.

गाडीला बांधणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात घाईत उरकला जाणाराही.

एक डॉक्टर गिऱ्हाईक तयार ड्रॉवर बसवलेली गाडी घेऊन आले. कोकणातून येताना मागे धाडधाड आवाज येत होता म्हणाले. बॉक्स चार लाकडी स्क्रूंनी कार्पेटवरून सरळ पत्र्यात मारलेला. मी एक स्क्रू हाताने धरून ओढला तर तो तसाच वर आला. प्लायमधलं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं, आणि भोकाच्या कडेला थरांचा भुसा साचलेला. खाली पत्र्यावर स्क्रूच्या आट्यांनी रंग घासून नेला होता आणि तिथे गंजाचा तपकिरी गोल तयार झाला होता. आमच्या कारखान्यातले तात्या बराच वेळ तो स्क्रू बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दादा, ह्यो स्क्रू धरत नव्हता, नुसता उभा होता."

बॉक्स आणि सामान मिळून ७० किलो धरा. नुसत्या जोराच्या ब्रेकला तो बॉक्स त्याच्या वजनाच्या जवळपास जोराने पुढे ढकलतो. धडक झाली तर हाच जोर वजनाच्या वीसपट होऊ शकतो, म्हणजे १४०० किलो, आणि त्याच्यापुढे असते मागची सीट. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या १७ क्रमांकाच्या नियमात सीटच्या पाठीची चाचणी १८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून, साधारण ताशी ५० किमीच्या धडकेएवढा धक्का देऊन घेतात. सीटची पाठ अशा वजनासाठी घडवलेली असते, ७० किलोच्या कपाटासाठी नाही. बॉक्सला अडवायचं काम सीटवर टाकायचंच नाही.

पद्धत अशी. गाडीच्या पुस्तिकेत सामान बांधायच्या कड्या आणि त्यांचे बोल्ट कुठे आहेत ते दाखवलेलं असतं. तिथे कंपनीने पत्र्याला मागून जाड आधार दिलेला असतो. अशा निदान चार जागा पकडा, दोन सीटच्या बाजूला आणि दोन दाराच्या बाजूला. बाजूच्या प्लास्टिकमध्ये जी छोटी आट्यांची छिद्रं दिसतात ती पिशवी, दिवा अशा हलक्या वस्तूंसाठी असतात. त्यांवर बॉक्सचा भार टाकू नका. सीट बेल्टच्या बोल्टला तर हातही लावायचा नाही.

बॉक्सच्या तळाखाली आडव्या दोन लोखंडी पट्ट्या घ्या, ४० बाय ५ मिमीच्या. पट्ट्यांची टोकं वाकवून कंपनीच्या त्या जागांपर्यंत पोचवायची. तळाच्या फळीतून पट्टीत एम ८ चे बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आणि फळीच्या आतल्या बाजूला वॉशरऐवजी ४० बाय ४० ची ३ मिमी जाड लोखंडी चकती. छोटा वॉशर प्लायमध्ये रुतत जातो, चकती भार पसरवते. असं केलं की भार बोल्टमधून पट्टीत आणि पट्टीतून गाडीच्या लोखंडात जातो. लाकूड फक्त मधे बसलेलं राहतं. लोखंडाला लोखंड जिथे मिळतं तिथे एम ८ बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला कसा. प्लायवर बसणारा बोल्ट एवढा कसू नका, फळी चेपली जाते. तिथे चकती घट्ट बसली की पुरे. कंपनीचा मूळ बोल्ट परत वापरायचा असेल तर पट्टीच्या जाडीमुळे तो आत कमी आटे धरतो हे लक्षात ठेवा. त्याच ग्रेडचा, पट्टीच्या जाडीएवढा लांब बोल्ट घ्या. पट्ट्यांना रेड ऑक्साइड मारून वरून रंग द्या, आणि पट्टी व पत्रा यांच्यामध्ये रबर शीटचा तुकडा घाला, नाहीतर घासून गंज सुरू होईल. बोल्टखाली मात्र रबर नको, तिथे लोखंड लोखंडालाच टेकलं पाहिजे.

सीटच्या बाजूचे दोन बोल्ट कधीही वगळू नका. भरलेला ड्रॉवर बाहेर ओढला की सगळं वजन दाराच्या बाजूला लटकतं आणि बॉक्स आतल्या टोकाने उचलायला बघतो. कोणी उघड्या ड्रॉवरवर चहाचं सामान मांडून वर हाताचा भार दिला की आणखीनच.

कुणी सांगेल, चार भोकं मारून टाकू, काय होतंय. तळाखाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगच्या माळा असतात. वरून त्या दिसत नाहीत. ड्रिल त्यांच्यापर्यंत पोचायला एक क्षण लागतो. माझ्या कारखान्यात मी हे काम करून देत नाही.

कडी

यवतेश्वरचा घाट चढताना ड्रॉवर मागच्या दारावर येतो, उतरताना सीटकडे सरकतो. चुंबकाचा कॅच किंवा किचन ट्रॉलीचं सॉफ्ट क्लोज इथे उपयोगाचं नाही. प्रत्येक ड्रॉवरला ओढून लागणारी पॅडल लॅच घ्या. आत कॅम असलेली, बंद होताना ड्रॉवरला आत खेचून दाबून धरणारी मिळाली तर उत्तम. ती नाही मिळाली तर जाड टॉवर बोल्टही चालतो, तो बॉक्सच्या वरच्या फळीत घुसला पाहिजे. ड्रॉवरच्या मागे रबरी ठोकळा चिकटवा, कडी लागल्यावर तो दोन मिलीमीटर दबेल इतका जाड. एका बाजूने कडी खेचते, दुसऱ्या बाजूने रबर ढकलतं, आणि ड्रॉवर मधे मुका होतो. आवाजाचं निम्मं दुखणं एवढ्याने जातं.

उघडल्यावर अडकण्याचीही सोय हवी. उताराकडे तोंड करून गाडी उभी असेल तर उघडा ड्रॉवर आपोआप आत धावतो आणि बोटं सापडतात. ड्रॉवरच्या बाजूला आणि बॉक्सच्या फळीला एका रेषेत भोक पाडून त्यात घालायची एक पिन दोरीने बांधून ठेवा. एवढं पुरतं.

वरून झाकण

जिम्नीचं मागचं दार उजव्या बाजूच्या बिजागऱ्यांवर आडवं उघडतं आणि त्यावर स्टेपनीचं वजन. ते पूर्ण उघडल्याशिवाय ड्रॉवर बाहेर येत नाही. गाडी बांधाला पाठ लावून रुतली किंवा चरात मागून घसरली तर दार उघडणारच नाही, आणि फावडं, दोर, दोर अडकवायची शॅकल सगळं आत अडकलेलं. म्हणून वरच्या फळीत, सीटच्या बाजूला, पियानो बिजागरीचं एक झाकण ठेवा, म्हणजे आतून मागच्या सीटवरून हात घालून ड्रॉवरमधली वस्तू काढता येते. ड्रॉवर वरून उघडे, म्हणजे झाकण नसलेले, ठेवायचे हे ओघाने आलंच. हेच झाकण जरा लांब केलं तर ते उलटून पाडलेल्या सीटवर टेकतं आणि झोपायची फळी होते.

अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र ड्रॉवरमध्ये नकोच. ती पुढच्या सीटवरून हाताला लागली पाहिजे.

काय कुठे

जड ते खाली आणि सीटच्या बाजूला. पाण्याचा कॅन, हवा भरायचा कॉम्प्रेसर, हत्यारं ड्रॉवरच्या आतल्या टोकाला. दाराच्या तोंडाशी हलकं: चहा-साखर, ताटल्या, हेडटॉर्च. ड्रॉवरमध्ये मोकळी जागा ठेवू नका. फोमच्या तुकड्यांनी खण पाडा, कारण ड्रॉवर कितीही मुका केला तरी आतला पाना स्टीलच्या डब्यावर आपटतोच.

स्टोव्हचं बुटेनचं कॅनिस्टर बंद ड्रॉवरमध्ये ठेवून गाडी उन्हात उभी करू नका. त्यावर ५० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मे महिन्यात काचा लावलेल्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. मुक्कामी पोचलात की ते काढून सावलीत ठेवा. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत कुठेच नको.

तपासणी

बसवल्यावर लगेच लांब जाऊ नका. मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कच्च्या वाटांवर गाडी फिरवून आणतो, ड्रॉवर पूर्ण भरून, मागे एका माणसाला कान देऊन बसवून. आवाज कुठून येतो ते चालवणाऱ्याला कळत नाही, मागे बसलेल्याला बरोबर कळतं. परत आल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर रंगीत मार्करची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पान्याने बघायचे, नंतर प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी.

मृग लागायच्या सुमारास बॉक्स गाडीतून काढा. तळाचा पत्रा आणि पट्ट्यांचे सांधे पुसून कोरडे करा, जिथे रंग उडाला असेल तिथे परत मारा. एचडीपीईच्या पट्ट्यांवरचं जुनं मेण केरोसीनच्या फडक्याने काढा आणि नवीन घासा. ड्रॉवर पावसाळाभर घरात, भिंतीपासून चार बोटं सोडून, उघडे ठेवा. पावसातच फिरायचं असेल आणि बॉक्स गाडीतच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ड्रॉवर बाहेर काढून डिकीला वारं लागू द्या, आणि तळाच्या चारही कोपऱ्यांत हात घालून ओल आहे का ते बघा.